डॅन्यूबवरचं अर्धं बोलणं

ताई,

तुझ्या मेमोरियलला मी काहीच बोलले नाही. शुगर लँडच्या त्या हॉलमध्ये एकेक जण उठून तुझ्याबद्दल चांगलं सांगत होता. कोणाच्या आईला ऑपरेशनची धास्ती होती, तर तिचा डोळा लागेपर्यंत तू तिच्याशी मराठीत गप्पा मारत बसलीस. कोणाच्या मुलीला तू पार्किंग लॉटमध्ये गाडी शिकवलीस. अमितने माइक माझ्याकडे आणला आणि हळूच म्हणाला, "मावशी, जस्ट अ फ्यू वर्ड्स." मी नको म्हणून मान हलवली. लोकांना वाटलं, दुःखाने बोलवत नाहीये. खरं तर मी रागावले होते. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना तुझ्यासारखी बहीण नसणार.

तू बागेत टोमॅटोची रोपं लावत होतीस, आत आलीस, खुर्चीत बसलीस आणि संपलं. ना आजारपण, ना निरोप. सगळे म्हणाले, काय भाग्याचं मरण. तुझ्या दृष्टीने असेलही. आपण दोघी एका वाक्याच्या मध्यावर थांबलो होतो, त्याचं काय? एप्रिलमध्ये कॅरीला माझ्याकडे येते आणि नीट बसून बोलू, असं तूच म्हणाली होतीस. गेस्टरूमची गादी मी बदलून घेतली होती, तुझ्या पाठीला मऊ गादी चालत नाही म्हणून.

तुझा फोन आला तो दिवस मला आठवतो. मी लॅबमधून रिटायर होऊन थोडेच दिवस झाले होते आणि घरात माझा पाय ठरत नव्हता.

"शुभे, डिसेंबरमध्ये काय करतेयस?"

"थंडी वाजवून घेतेय."

"मग युरोपात वाजवून घे. मी आपल्या दोघींचं बुकिंग करतेय. डॅन्यूब नदीवरची क्रूझ. गावोगावचे ख्रिसमस मार्केट."

मी म्हटलं, "तुला कधीपासून ख्रिसमसचं एवढं?" तेव्हा तू जे म्हणालीस ते मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. "आयुष्यभर लोकांना नाताळची सुट्टी दिली. नक्की काय दिलं ते एकदा बघू तरी."

खरंच होतं ते. भूल देणारी डॉक्टर म्हणून हॉस्पिटलमध्ये लागलीस त्या पहिल्या वर्षापासून नाताळचा कॉल, म्हणजे सणाच्या दिवसाची ड्यूटी, तुझ्याकडे. तुमचा तर सण नसतो ना, असं कोणीतरी एकदा विचारलं आणि तू हो म्हणालीस, ते कायमचंच झालं. त्या बदल्यात दिवाळीची सुट्टी मागावी, तर तेही तू केलं नाहीस. "त्यांची पोरं लहान आहेत गं," म्हणायचीस. तुझं पोर काय मोठं जन्मलं होतं? अमित लहानपणी नाताळच्या दिवशी शेजाऱ्यांच्या घरी जेवायचा. तो हे मजेने सांगतो, पण सांगतो.

आई गेली तीही नाताळच्याच आठवड्यात. मिरजेहून फोन आला की आईला मेंदूत रक्तस्राव झालाय. मी मिळेल ते विमान पकडून निघाले. मला खात्री होती की तू माझ्या आधी पोहोचलेली असशील. तिथे उतरले तर तू नव्हतीस. "कॉलवर आहे, बदली माणूस मिळाला की निघते," असं तू फोनवर सांगितलंस. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर मी एकटी बसले. मेडिकलला तुझ्या वर्गात असलेला तुझा मित्रच आईला बघत होता. तो मधूनमधून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "प्रयत्न चालू आहेत." मला त्यातलं काय कळणार? मी गोळ्यांची शुद्धता तपासणारी बाई, तेही यंत्रावर. नातेवाईक विचारायचे, "डॉक्टर मुलगी कधी येतेय?" मी म्हणायचे, "येतेय." आई गेली. सगळं मी केलं. तू फेब्रुवारीत आलीस, आईच्या कपाटातल्या साड्यांवरून हात फिरवलास आणि परत गेलीस.

मी तुझ्याशी बरेच दिवस बोलले नाही. मग बोलायला लागले, कारण बहिणी किती दिवस अबोला धरणार? पण त्या एका विषयाला सोडून सगळ्यावर बोललो. मी विषय जवळ आणला की तू लगेच विचारायचीस, "अरविंदची पाठ कशी आहे?" माझ्या नवऱ्याची पाठ या घरात इतक्या वेळा कामाला आलीये की तिचेच आभार मानायला हवेत.

म्हणून क्रूझचं ऐकल्यावर मी हो म्हटलं, हे आता तुला सांगायला हरकत नाही. मला मार्केट बघायचे नव्हते. मला तू आठवडाभर एका जहाजात हवी होतीस, जिथून तुला कॉलवर जाता येणार नाही. अरविंदला मी ये म्हटलं, तर तो म्हणाला, "मी आलो तर तुम्ही भांडणार नाही. तुम्ही दोघीच जा." त्याला माझ्या मनातलं कळलं होतं.

आणि झालं काय? जहाज जिथून सुटणार त्या पसाऊला जाऊन बघतो तर नदी चढलेली. तपकिरी पाणी, त्यातून अख्खी झाडं वाहत चाललेली. जहाज धक्क्याला बांधलेलं. क्रूझ डायरेक्टर म्हणजे ती हंगेरीची तरुण मुलगी, एस्टर. तिने सगळ्यांना लाउंजमध्ये बोलावून सांगितलं की पाणी इतकं वर आलंय की जहाज पुलाखालून जाणार नाही. पाणी उतरेपर्यंत सगळीकडे बसने जायचं. वर्षभर ज्याची वाट बघितली त्या नदीच्या सहलीत आपण एक दिवसही नदीवर नव्हतो. सकाळी बस, दुपारी बस, संध्याकाळी परत त्याच धक्क्याला बांधलेल्या त्याच जहाजावर. खिडकीतून दिसायला तीच भिंत. माझा संताप संताप झाला. मी रिसेप्शनवर जाऊन एस्टरशी भांडत होते आणि मागून तुझा आवाज आला, मराठीत, अगदी शांत.

"शुभे, तिने काय करायचं? नदी काय तिच्या घरची आहे?"

तुझ्या या शांतपणाचाच मला जास्त राग यायचा. सगळा गोंधळ झाला असताना तू जेवणाच्या हॉलमध्ये घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी उघडून टेबलावर ठेवलीस आणि शेजारच्या अमेरिकन जोडप्याला चमच्याने वाढायला लागलीस. तेच वॉल्टर आणि डोरथी. ओहायोतले. तो ऐंशीच्या आसपासचा, खांद्याला पिशवीत ऑक्सिजनचं छोटं यंत्र, नाकात नळी. ती त्याच्याहून थोडी लहान, रोज हरणांचं चित्र असलेला स्वेटर घालणारी. वॉल्टरने चटणी खाल्ली, त्याला ठसका लागला आणि तो म्हणाला की आता यंत्राची गरज नाही, फुप्फुसं आपोआप उघडली. डोरथी हसली नाही. तू त्याच्या निळसर ओठांकडे बघत होतीस. मला तुझी ती नजर ओळखता येते. तू रिटायर झालीस तरी ती नजर रिटायर झाली नव्हती.

मार्केट छान होते, हे मला मान्य करावं लागेल. लिंट्झला आपण भाजलेले चेस्टनट खाल्ले, कागदाच्या कोनातून, आणि तू म्हणालीस की फणसाच्या आठळ्या लागतात हुबेहूब. गरम वाइनच्या मोठ्या पातेल्यावर तू वाकलीस, वास घेतलास आणि म्हणालीस, "दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. आपण मसालेभातात घालतो ते हे लोक दारूत घालतात." बटाट्याच्या किसाची तळलेली भाकरी तू थालीपीठ समजून खाल्लीस आणि बरोबर सफरचंदाचा गोड लगदा दिला म्हणून त्या माणसाची कीव केलीस. लाकडी खेळण्यांच्या दुकानात तू खूप वेळ उभी होतीस. दुकानातली बाई तुला प्रत्येक खेळण्याचं नाव सांगत होती आणि तू ते तिच्यामागून म्हणत होतीस, शाळेतल्या मुलीसारखी. लोक पोरांना खांद्यावर घेऊन चालले होते. तू त्यांच्याकडे बघत म्हणालीस, "हे चांगलं आहे गं. द्यायला काही वाईट दिलं नाही आपण."

त्या क्षणी मी विचारायला हवं होतं. मी थांबले, कारण तू खूश दिसत होतीस. तुला खूश बघायची मला सवय नव्हती.

मग व्हिएन्ना. जहाज जाऊ शकत नव्हतं म्हणून आपल्याला शहरातल्या हॉटेलात दोन रात्री ठेवलं. टाउन हॉलसमोरचं ते मोठं मार्केट आणि संध्याकाळी एका चर्चमध्ये व्हायोलिनचा कार्यक्रम. या पूर्ण सहलीत मी हट्टाने मागितलेली ती एकच गोष्ट होती. तू म्हणाली होतीस, "नक्की. दोघी जाऊ. पुढच्या रांगेत बसू."

दुपारी आपण एका टपरीपाशी उभ्या होतो, तुझ्या हातात वाइनचा मग, माझ्या हातात सफरचंदाचा गरम रस. समोरच्या बाकावर वॉल्टर बसला होता. तो आधी पुढे झुकला आणि मग बाजूला कलंडला. डोरथीने हाक मारली, फार मोठ्याने नाही. तू तुझा मग माझ्या हातात दिलास. "धर," एवढंच म्हणालीस. जिना चढताना कुरकुरणारे तुझे गुडघे त्या चिखलात टेकले होते. तू त्याची मान सरळ केलीस, यंत्राची नळी तपासलीस, त्याच्याशी बोलत राहिलीस. अँब्युलन्स आली. आतल्या माणसांना तू तुझ्या डॉक्टरी इंग्लिशमध्ये सगळं सांगितलंस, डोरथीला हाताला धरून आत चढवलंस आणि मागून स्वतः चढलीस. दार लागायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू हॉटेलवर जा. मी येते."

मी दोन्ही हातांत दोन मग घेऊन उभी होते. लोक माझ्या बाजूने वाट काढत होते.

कार्यक्रमाला मी गेले नाही. हॉटेलच्या लॉबीत बसून राहिले. तू जेवणाच्या वेळेला आलीस, कोट ओला, केस विस्कटलेले. "ऑक्सिजनच्या मास्कवर ठेवलाय. बरा आहे," म्हणालीस. सूप प्यायलीस, ब्रेडचा तुकडा मोडलास आणि वर जाऊन झोपलीस. व्हायोलिनचं नावही तुझ्या तोंडून आलं नाही. तुझ्या शेजारच्या पलंगावर मी पडले होते आणि माझ्या डोक्यात मिरजेचा तो बाक होता.

सकाळी नाश्त्याला आपल्या टेबलावर आपण दोघीच होतो.

"झोप झाली?" तू विचारलंस.

"ताई, तू रिटायर झालीस ना?"

"झाले की."

"मग काल काय होतं?"

"माणूस पडला होता, शुभे."

"अँब्युलन्सवाले होते. तिथे डॉक्टर असतात. तुझं काय काम होतं तिथे?"

"त्याची बायको एकटी होती."

"मीही एकटी होते," मी म्हटलं. "मिरजेला."

तू लोणी लावत होतीस. तुझा हात थांबला नाही, हळू झाला. मला वाटलं, आता अरविंदची पाठ येणार. म्हणून मीच पुढे बोलले. "सगळ्या जगाच्या उशाशी बसलीस तू. माझ्या मुलीच्या वेळी माझ्या उशाशी बसलीस. ते माझं पोट कापत होते आणि तू माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणत होतीस, मी इथेच आहे. ते मी विसरले नाहीये. पण आईच्या उशाशी यायला तुला विमान मिळालं नाही."

तू सुरी खाली ठेवलीस. "विमान मिळत होतं," तू म्हणालीस.

इतकी वर्षं मी समजत होते की तुला बदली माणूस मिळाला नाही. बाकीच्यांनाही मी तेच सांगत आले होते, तुझी बाजू घेऊन.

"मग?"

"मी आले असते तर सगळ्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं. तूसुद्धा."

"बघितलंच असतं. तू डॉक्टर होतीस."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय, ताई?"

आणि तेवढ्यात एस्टर आली. बॅगा लॉबीत आणा, बुडापेस्टची बस लागलीये, उशीर झाला तर वाटेत ट्रॅफिक लागेल. लोक खुर्च्या सरकवत उठायला लागले. तू माझ्या हातावर हात ठेवलास. "बाकीचं नीट सांगते. असं घाईत नाही. एप्रिलमध्ये कॅरीला येते, तेव्हा." मी तुझा हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

बुडापेस्टला तू माझ्यासाठी लाल भरतकामाची शाल घेतलीस. मी ती घेतली आणि थँक यू म्हटलं, जसं परक्या माणसाला म्हणतात. विमानतळावर तुझं विमान ह्यूस्टनचं, माझं इकडे कॅरीकडचं. तू माझ्या गालाला हात लावलास. त्यानंतर दर रविवारी आपला फोन होता. मी दर रविवारी विचारलं. तू दर रविवारी म्हणालीस, "समोरासमोर, शुभे. फोनवर नको." मी म्हटलं, व्हिडिओवर समोरासमोरच असतो की. तू म्हणालीस, "तुझा तो कॅमेरा नुसतं तुझं कपाळ दाखवतो."

शेवटचा फोनही असाच संपला. त्या रविवारी तू टोमॅटोच्या रोपांबद्दल बोललीस.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

मेमोरियलनंतर मी अमितसोबत तुझ्या घरी थांबले. तुझ्या स्वयंपाकघरात बसून डबे रिकामे करत होते. तुझा फोन तिथेच ओट्यावर चार्जिंगला होता, अमितला तो बंद करवत नव्हता. तो वाजला. डोरथी. मी उचलला.

"डॉक्टर?" ती म्हणाली. "मी वॉल्टरबद्दल सांगायला फोन केला."

मी तिला सांगितलं की मी डॉक्टरची बहीण बोलतेय, आणि का बोलतेय तेही सांगितलं. मग तिने सांगितलं की वॉल्टरही गेला, आपल्याच घरी, खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत, सगळी मुलं आलेली असताना. आम्ही दोघी रडलो. तिची आणि माझी ओळख ती काय, बसमधली. पण रडलो.

मग ती म्हणाली, "तुमच्या ताईंमुळे तो घरी येऊ शकला. तुमच्या आईची गोष्ट त्यांनी मला सांगितली नसती, तर मला जमलं नसतं."

"आईची कोणती गोष्ट?" मी विचारलं.

तिला वाटलं, मला माहीतच असणार. ती घाबरली, चुकले का मी, असं म्हणाली. मी म्हटलं, सांगा. अमित डबा पुसत होता, तो थांबला. मी फोन स्पीकरवर टाकला. तोही तुझा मुलगा आहे, त्यालाही कळायला हवं होतं.

व्हिएन्नाच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोरथीला विचारलं की वॉल्टरच्या घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ठेवायचं का. फुप्फुसं इतकी गेलेली होती की एकदा घातलेली नळी परत निघेल याची त्यांना खात्री नव्हती. वॉल्टरने तिला आधीच बजावलं होतं, यंत्रावर नको. पण परक्या देशात, परक्या कॉरिडॉरमध्ये, ते शब्द तिच्या तोंडून निघेनात. तिने तुला विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?" तेव्हा तू तिला खाली बसवलंस आणि सांगितलंस.

सांगितलंस की तुझ्या आईच्या वेळी तुझ्या मित्राने तुला फोन केला होता. तू दोन ऑपरेशनच्या मध्ये होतीस. तो म्हणाला, श्वास मंदावतोय, नळी घालू का, पण मेंदू गेलाय, तुला कळतंच आहे. आणि तू म्हणालीस, नको. तिला दमवू नका. तिला त्रास होणार नाही एवढं बघा. मग तू त्याच्याकडून शब्द घेतलास की बाहेर बसलेल्या बहिणीला यातलं काही सांगायचं नाही. नाहीतर ती जन्मभर म्हणत बसेल, मी हो म्हटलं असतं तर. फोन ठेवलास आणि पुढच्या पेशंटला भूल द्यायला गेलीस.

"त्या म्हणाल्या," डोरथीने सांगितलं, "निर्णय बरोबर होता, त्याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण त्यानंतर घरी जाऊन बहिणीच्या डोळ्यांत बघायची हिंमत झाली नाही. म्हणून बदली माणूस मिळाल्यावरही तिकीट काढलं नाही."

डोरथीने डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी नुसता मास्क ठेवला, औषधं दिली, आणि वॉल्टर त्यातून सावरला, ओहायोला जाण्याइतका. ती तुझे आभार मानायची राहिली होती. ते आता माझ्याकडे मानले.

फोन ठेवल्यावर अमित म्हणाला, "शी नेव्हर टोल्ड मी आयदर, मावशी." तो दुखावला होता. मी त्याला जवळ घेतलं. त्याची समजूत घालताना मला वाटलं, माझी कोण घालणार?

ताई, चार दिवसांची ओळख असलेल्या बाईला तू हे सांगितलंस. इंग्लिशमध्ये. का सांगितलंस ते मला कळतं. तिला त्या वेळी गरज होती आणि गरज असलेल्या माणसाला तू कधी थांबायला लावलं नाहीस. पण मला गरज नव्हती? मी कितीतरी वर्षं त्या बाकावरून उठलेलेच नाही. तुझा मित्र बाहेर यायचा आणि प्रयत्न चालू आहेत म्हणायचा, तेव्हा मी देवाला काय काय बोलत होते, काय काय कबूल करत होते, आणि आत सगळं ठरलेलं होतं. तुम्ही दोघांनी मिळून मला लहान मूल केलंत. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली बाई होते. मला दोन मुली होत्या. मी लॅबमध्ये एक सही केली की अख्खी बॅच फेकून द्यायचे. माझ्याने एक शब्द पेलवला नसता असं तुला का वाटलं?

आणि तरी खरं सांगते, तुझा जीव तिथे किती जळला असेल, हा विचार आला की माझा राग पायाखालून सरकतो. फोन ठेवून तू पुढच्या माणसाच्या उशाशी गेलीस. त्यालाही म्हणाली असशील, मी इथेच आहे. त्याच दिवशी. त्यानंतर दरवर्षी नाताळला तू कॉल मागून घेत राहिलीस, हे अमितने सांगितलं. नंतर तर तुझी पाळीही नसायची, तरी. त्या दिवशी घरी बसून तू काय केलं असतंस?

हे सगळं कळल्यावर मला हलकं वाटेल, असं अरविंद म्हणाला होता. वाटलं नाही. आईला दुखलं नाही, हे कळलं, त्याचं समाधान मात्र खूप आहे. ते मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं, आणि मी भिऊन विचारलंही नव्हतं. ते तू बघितलंस, सात समुद्रांपलीकडून, दोन ऑपरेशनच्या मधल्या वेळात. त्यासाठी तुझे पाय धरावेत, असं वाटतं. आणि मग लगेच वाटतं, तुला दंडाला धरून गदागदा हलवावं.

एप्रिल आलाय. इथे कॅरीला सगळीकडे पिवळे परागकण पडलेत, गाड्या, ओटे, झोपाळा. गेस्टरूमचं दार मी बंद ठेवलंय, नाहीतर आत धूळ येते. तू आली असतीस तर पहिल्या दिवशी शिंकत बसली असतीस, दुसऱ्या दिवशी टाळाटाळ केली असतीस आणि तिसऱ्या दिवशी मी तुला खुर्चीत बसवून म्हटलं असतं, बोल. तू बोलली असतीस. मी ओरडले असते. अरविंद बाहेर फिरायला निघून गेला असता. आणि मग मी काय म्हटलं असतं?

आज विचारलंस तर मी म्हणेन, बरोबर केलंस. पण त्या दिवशी, त्या बाकावर, तू फोन करून विचारलं असतंस की शुभे, काय करू या, तर मी काय म्हटलं असतं हे मला खरंच माहीत नाही. कदाचित नळी घाला म्हटलं असतं. कदाचित आईला अजून आठवडाभर त्रास झाला असता. ती भीती तुला होती आणि ती खोटी नव्हती. तरीही तू विचारायला हवं होतंस. आई काही तुझी एकटीची नव्हती. बरोबर ठरवलं असतं तर दोघींनी ठरवलं असतं, आणि चुकलो असतो तर दोघी मिळून चुकलो असतो.